ताटाची डावी बाजू

काशीच्या पक्क्या महालात दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा ह्या पट्ट्यात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात आमटी-भात शिजतो, ऋषिपंचमीची भाजी होते, चातुर्मास पाळला जातो. दाराबाहेर पडलं की ठठेरी बाजारातली कचौडी-जिलेबी, चौकातली चाट आणि पानाची गादी. लोणचं, पापड, मेतकूट महाराष्ट्राचं आणि नमकीन बनारसचं, असा दोन खारट परंपरांचा संगम एकाच पोटात होतो. रक्तदाबाच्या दृष्टीनं हा संगम फारसा पुण्यप्रद नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर १५०/९० किंवा तसाच काही आकडा लिहून ‘मीठ कमी करा, चाला’ एवढंच ज्यांना सांगितलं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सल्ला बरोबरच आहे. पण मीठ नेमकं कुठलं कमी करायचं आणि चालायचं कुठं, हे सांगायला दवाखान्यात कुणाला वेळ नसतो. मी दूधविनायक समोर धरून लिहितो आहे. पुण्याच्या, नागपूरच्या, बेळगावच्या वाचकांनी आपापल्या गल्लीची नावं त्यात घालून घ्यावीत.

आधी आकडा खरा आहे ना, ते पाहू. तीन मजले उतरून, गल्लीतल्या मोटारसायकली चुकवत औषधाच्या दुकानात पोचायचं आणि तोंडात पान असताना उभ्याउभ्या दाब मोजायचा, ह्याला मोजणं म्हणत नाहीत. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा, स्वेटरच्या बाहीवरून नव्हे. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजावं. असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ करून वहीत लिहावं. घरी घेतलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल, तर दाब वाढलेला आहे असं समजावं. दवाखान्यातली रेषा आपल्याकडे १४०/९० धरतात. अमेरिकी हृदयतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली. रेषेवरून वाद घालण्यात वेळ घालवू नये. १३२ असलेल्या माणसानंही पुढचं सगळं करायला हरकत नाही, त्यात तोटा काहीच नाही.

एक गोष्ट जाता जाता. पुरुषांचा दाब कधी ना कधी मोजला जातो. घरातल्या बाईचा बाळंतपणात मोजतात आणि नंतर वीस वर्षं त्याकडे कुणी पाहत नाही. यंत्र घरात आणलंत तर पहिला पट्टा तिच्या दंडाला बांधा.

आता ताटाकडे वळू. मराठी पान वाढताना पहिल्यांदा मीठ वाढतात. मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं आणि पापड-कुरडई. उजवीकडे भाजी, आमटी. खरा घोळ ह्या डाव्या बाजूला आहे. भाजी-आमटीतलं मीठ शिजवणारीच्या हातात असतं, ते ठरवून कमी करता येतं. लोणचं मात्र मिठावरच टिकतं. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखारही सोडियमचाच क्षार. सांडगी मिरची, भरली मिरची, सुकी चटणी, शेंगदाण्याचं कूट घातलेला ठेचा, सगळीकडे हीच कथा. माझं म्हणणं अगदी साधं आहे: रक्तदाबासाठी नवा आहार शोधू नका, ताटाची डावी बाजू बदला. त्यातली कोशिंबीर चौपट करा, लिंबू राहू द्या आणि बाकीचं सणावारापुरतं ठेवा. पानातलं वरचं मीठ वाढणं बंद करा. रीत मोडली असं वाटत असेल, तर वाढा आणि खाऊ नका.

किती मीठ चालतं? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची मर्यादाही हीच आहे. आपण सरासरी ह्याच्या दीडपटीहून जास्त खातो. पण ग्रॅम मोजत कुणी स्वयंपाक करत नाही. त्यापेक्षा मिठाच्या पाकिटावर, फोडाल त्या दिवशी, तारीख लिहा. चार माणसांच्या घरात १ किलोचं पाकीट ५० दिवस पुरलं, तर माणशी ५ ग्रॅम झाले. पंचवीस दिवसांत संपलं, तर माणशी १० ग्रॅम. बाहेरची कचौडी, विकतचं नमकीन, ब्रेड आणि बिस्किटं ह्या हिशेबात आलीच नाहीत, म्हणून खरं तर पाकीट दोन महिने चालायला हवं. लोणची घालण्याच्या दिवसांत मिठाचं वेगळं पाकीट आणा, म्हणजे हिशेब बिघडणार नाही.

मीठ एकदम अर्धं केलंत तर घरात बंड होईल. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा; दीड-दोन महिन्यांत जिभेला नव्या चवीची सवय होते आणि मग जुनी आमटीच खारट लागते. त्या काळात आंबटाचा आधार घ्यावा: लिंबू, चिंच, कैरी, आमचूर. आमसूल मिठाच्या पाण्याचं असतं, तेव्हा ते धुऊन वापरा. भाजलेलं जिरं, मिरी, हिंग, आलं, ओली कोथिंबीर ह्यांनी मिठाची उणीव बरीच झाकली जाते. चाट मसाला मात्र ह्या यादीत नाही, त्यात काळं मीठ भरपूर असतं.

काळ्या मिठाचा आणि सैंधवाचा गैरसमज तर उत्तरेत आणि महाराष्ट्रात सारखाच पक्का आहे. पेरूवर काळं मीठ, उपासाच्या खिचडीत सैंधव, आणि वर ‘ते बाधत नाही’ अशी खात्री. दोन्हींत मुख्य भाग सोडियम क्लोराइडचाच असतो, म्हणजे दाबाला साधं मीठ आणि सैंधव सारखंच. उलट त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाट्याचे पापड आणि खारे शेंगदाणे खाणाऱ्याचा उपास देवापर्यंत पोचत असेल, पण रक्तवाहिन्यांना त्याची काही खबर नसते. उपास करायचाच तर वऱ्याचे तांदूळ, दाण्याची बिनमिठाची आमटी, उकडलेलं रताळं, दही आणि फळं. काशीत आश्विन-कार्तिकात ताजे शिंगाडे येतात. उकडून खाल्ले तर त्यांना मिठाची गरजही लागत नाही.

बाजारात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं. त्यात थोडं सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर असं मीठ वापरून पाहिलं गेलं. २०२१ मध्ये त्याचा निष्कर्ष आला आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. हे मीठ उत्तम आहे, पण सगळ्यांसाठी नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी गोळी चालू असेल, तर शरीरात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. रोजच्या नारळपाण्यालाही हेच लागू.

मीठ कमी करणं ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे काय वाढवायचं. १९९७ मध्ये अमेरिकेत ४५९ माणसांवर एक प्रयोग झाला, त्याचं नाव डॅश. फळं, भाज्या, डाळी, सुकामेवा, अखंड धान्यं, कमी स्निग्धांशाचं दूध-दही भरपूर आणि गोड-तेलकट कमी, असं जेवण लोकांना आठ आठवडे तयार करून दिलं. ज्यांचा दाब आधीच वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ नं आणि खालचा ५ नं उतरला. एका गोळीइतकाच हा परिणाम. तो दोन आठवड्यांत दिसू लागला होता, म्हणून पहिल्या चार दिवसांत यंत्राकडे पाहून निराश होऊ नका.

ह्या जेवणाला परदेशी पालेभाजी लागत नाही. हिवाळ्यातली काशी तर त्यासाठीच घडवल्यासारखी आहे. बथुआ, पालक, हरभऱ्याची भाजी, मेथी, ताजे मटार, गाजर, मुळा, अलाहाबादी पेरू, आवळा. न्याहारीला रोज कचौडीऐवजी चूडा-मटर करा: पोहे, भरपूर मटार, आलं, लिंबू, एक चमचा तूप, मीठ निम्मं. मटाराचा निमोना आपल्या उसळीचाच भाऊबंद. तो भाताबरोबर खाऊन पाहा, महाराष्ट्रातल्या घरीही सहज जमेल. सत्तू हे तर गरिबाचं उत्तम अन्न. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ पाण्यात कालवून लिंबू पिळा, पण ठेलेवाल्याला काळं मीठ घालू नकोस असं आधीच सांगा, तो विचारत नाही. दही-ताक रोज हवं. बिनमिठाच्या ताकात आलं आणि जिरं घाला. रबडी घातलेली लस्सी हे ताक नव्हे, ते पक्वान्न आहे. बाजरी काशीतही थंडीत मिळते. भाकरीत मीठ घालायची गरजच काय? उन्हाळ्यात दुधी, परवल, घोसाळी, काकडी, टरबूज. दुधीचा रस प्यायची लाट अधूनमधून येते. तो दाब उतरवतो असा पक्का पुरावा नाही, आणि रस कडू लागला तर तो विषारी असू शकतो. एक घोटसुद्धा गिळू नये.

रविवारची कचौडी सोडा असं मी म्हणणार नाही. सोडा म्हटलं की माणूस चोरून खातो आणि मग तीन खातो. आठवड्यातून एकदा, भाजीचा रस्सा कमी घेऊन, आणि त्या दिवशी घरी लोणचं-पापड पूर्ण बंद. थंडीतला मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, साखरेचा आहे, खारट नाही. कुल्हड छोटं घ्या. वजन जास्त असेल तर गोडाचा हिशेबही दाबातच येतो. एक किलो वजन उतरलं की वरचा आकडा साधारण एकानं उतरतो, असा ठोकताळा आहे. पाच-सहा किलो म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

पानाबद्दल काशीत बोलायचं म्हणजे धाडसच. साध्या पानानं दाब वाढतो का, हे ठामपणे सांगता येत नाही. जर्दा-सुरतीनं मात्र वाढतो, त्याच क्षणी वाढतो, आणि पुढं रक्तवाहिन्या खराब करतो. दाब असलेल्याला तंबाखूत मध्यम मार्ग नाही. भांगेचंही सांगून टाकतो: नाडी धावते आणि उभं राहताना दाब एकदम पडू शकतो. गोळ्या चालू असणाऱ्यानं महाशिवरात्रीला आणि होळीला नुसती ठंडाई घ्यावी.

घरातल्या फडताळात दाब वाढवणाऱ्या आणखी वस्तू बसलेल्या असतात. खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध त्यातलंच. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घटवतं. एखाददिवशी चालेल, महिनाभर नको. गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, पोट फुगल्यावर घ्यायचं फसफसणारं चूर्ण, ह्या सगळ्यांची नावं डॉक्टरांना सांगा. नवी गोळी वाढवण्याआधी एक जुनी सवय काढली तर कधी कधी तेवढ्यानंच भागतं.

सर्पगंधेचंही विचारलं जातं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवर निबंध लिहिला, आणि आपल्या मुळीनं दाब उतरतो हे जगाला कळलं. हा अभिमानाचा इतिहास आहे. पण तिच्यापासून काढलेल्या औषधानं मन खिन्न होण्याचा त्रास दिसला आणि पुढं जास्त चांगली औषधं आली, म्हणून ती मागं पडली. पंसाऱ्याकडून मुळी आणून स्वतःच घेणं धोक्याचं आहे.

आता चालणं. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, इतक्या वेगानं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. एवढ्यानं दाब वाढलेल्या माणसाचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ नं उतरतो. दूधविनायकच्या गल्लीत हा वेग जमणार नाही. गाय, सांड, स्कूटर आणि ओला दगड ह्यांतून वाट काढणं हा वेगळा व्यायाम आहे. घाटावर उतरा. पंचगंगेवरून दक्षिणेला बालाजी घाट, रामघाट, भोसले घाट, सिंधिया घाट अशी वाट आहे, नावं वाचत गेलं तरी मराठी इतिहासाची उजळणी होते. मणिकर्णिकेपाशी धूर आणि लाकडांचे ढीग असतात, तेव्हा सिंधिया घाटावरूनच परत फिरलेलं बरं. उत्तरेला दुर्गाघाट, ब्रह्माघाट, गायघाट, त्रिलोचन, प्रह्लादघाट करत राजघाटाकडे गेलात तर गर्दी कमी लागते. मला हीच वाट जास्त आवडते. श्रावण-भाद्रपदात गंगा चढली की घाट पाण्याखाली जातात आणि ओसरल्यावर गाळ उरतो; ते दोन-तीन महिने मैदागिनची कंपनी बाग धरावी. नाहीतर गच्ची आहेच. पाऊस म्हणून दोन महिने बसलेला माणूस आश्विनात पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

घाटाच्या पायऱ्या चढणं उत्तम व्यायाम, पण पहिल्या दिवशी नको. आधी दोन-तीन आठवडे सपाटीवर चाला. चढताना छातीत दडपण आलं, दम नेहमीपेक्षा जास्त लागला, तर तिथंच बसा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. दाब १८०/११० च्या आसपास असेल तर तो औषधानं खाली येईपर्यंत जोराचा व्यायाम करू नये.

काशी आखाड्यांचं गाव. नागपंचमीला जोडी-गदा फिरवणारे पाहून चाळिशीतल्या माणसालाही हुरूप येतो. वजन उचलताना श्वास कोंडला की दाब क्षणात फार वर जातो, म्हणून दाब आटोक्यात नसताना गदा दुसऱ्याच्या हातात शोभते. जोर-बैठका, सूर्यनमस्कार चालतील. अट एवढीच की श्वास चालू राहिला पाहिजे आणि संख्येची शर्यत नको. २०२३ मध्ये २७० प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखं स्थिर राहण्याचा व्यायाम दाबासाठी सर्वांत गुणकारी ठरला. दोन मिनिटं धरायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं चार वेळा, आठवड्यातून तीनदा. सुरुवातीला वीस सेकंदांत मांड्या थरथरतात, तेवढंच करा. गुडघे दुखत असतील तर कमी वाका. ह्याला जागा दोन फूट लागते, म्हणजे पक्क्या महालातल्या अरुंद खोलीलाही सोयीचं. शीर्षासन आणि जोराची भस्त्रिका मात्र दाब उतरेपर्यंत टाळा. दहा मिनिटं संथ श्वास, मिनिटाला साधारण सहा, ह्यानं थोडा फायदा होतो.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. पंचगंगेला कार्तिकस्नानाचं मोठं माहात्म्य आहे आणि माघात धुक्यातही बुडी मारणारे आहेत. गार पाण्यात एकदम डोकं बुडवलं की हृदयावर मोठा ताण येतो. आधी पाय, मग हात, मग खांद्यावर पाणी घ्या, एकटे उतरू नका, आणि बाहेर आल्याबरोबर कोरडे व्हा. पूर्वी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर घरी कोमट पाण्यात तांब्याभर गंगाजल घालून स्नान करा. उलट ज्येष्ठातल्या गरम वाऱ्यात, लूमध्ये, घाम खूप जातो; लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि उठताना अंधारी येत असेल, तर मीठ आणखी तोडू नका, गोळीचं प्रमाण बदलायचं का ते विचारा.

गोळी. आहार आणि चालणं जमलं, आकडा १२८ वर आला, की पहिला मोह गोळी बंद करण्याचा होतो. तो आकडा गोळीमुळंही असतो. भारत सरकारनं २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात तो आधी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा ह्या जिल्ह्यांत आला. त्याचा गाभा एवढाच होता की ठराविक स्वस्त गोळ्या घराजवळच्या केंद्रात सलग मिळाव्यात आणि माणूस परत येतो की नाही हे पाहावं. गोळी कमी होऊ शकते, कधी सुटूही शकते, पण तीन महिन्यांची वही डॉक्टरांसमोर ठेवून.

शेवटी गल्लीत राहणाऱ्यांसाठी एक काम, आजच करा. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडं बोलणं, ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तेही तपासणी झाल्यावर. १०८ ची गाडी दूधविनायकपर्यंत येणार नाही. तेव्हा माणसाला खुर्चीत बसवून कोणत्या वाटेनं मैदागिनच्या नाहीतर विश्वेश्वरगंजच्या रस्त्यावर न्यायचं, खुर्ची धरायला शेजारचे कोण दोघे येतील, आणि डोकं तपासायचं सीटीस्कॅन चोवीस तास चालू असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे घरच्यांनी बसून ठरवा. चालू गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.